पणजीच्या मळ्यातून

पणजी,
मार्गशीर्ष, गुरुवार

ती. आप्पा आणि आई यांस साष्टांग नमस्कार. ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवते.

पत्रास कारण की, परवा फोनवर आईनं "मग तुमचं काय ठरलं?" असं विचारलं आणि मागून आजीचा आवाज आला, "परदेशात अजून किती वर्षं काढायची पोरीनं?" दारात पाहुणे उभे होते, म्हणून मी "सावकाश सांगते" एवढंच म्हणून फोन ठेवला. आता घटाची आरती झालीय, चिमी झोपलीय, तुमचे जावई उद्याच्या डब्याची भाजी निवडत बसलेत. वेळ आहे. आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. पुण्याची ती नोकरी यांनी घेतली नाही. आईला हे पटकन पटणार नाही, हे माहीत आहे. म्हणूनच दोन वाक्यांत न उरकता कारणांसकट लिहिते.

आजी, तू गोव्याला परदेश म्हणतेस तेव्हा सगळे हसतात, मी हसत नाही. तुझं माहेर खानापूरचं. तुझ्या लहानपणी लोंढ्याहून पुढं गेलेली गाडी खरोखरच दुसऱ्या राज्यात जायची. कॅसलरॉकला आपल्या बाजूचे कस्टमवाले पेट्या उघडायचे आणि घाट उतरला की कुळ्याला पोर्तुगिजांचे. १९५५ साली तर ती गाडीच बंद झाली. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला पत्रादेवीच्या नाक्यावर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, कर्नेलसिंग तिथं पडले. आपल्या सांगलीचे मोहन रानडे इथं मराठीचे मास्तर म्हणून आले, लढ्यात उतरले, पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, थेट १९६९पर्यंत. आप्पांनी ही गोष्ट आम्हाला जेवताना किती वेळा सांगितली असेल! लहानपणी ऐकलेल्या त्या गोव्यात आता तुझी पणती बालवाडीतून घरी येते आणि माझ्याशी मराठीत अन् शेजारच्या पोरांशी कोंकणीत भांडते.

आईची काळजी वेगळी आहे. गोवा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं किनारा, बाटल्या आणि रात्रभर वाजणारी गाणी येतात. दादाचे मित्र तीन दिवस येऊन जातात आणि परत जाऊन जे सांगतात, त्यावरून दुसरं काय वाटणार? म्हणून आधी आमची जागा कुठं आहे ते सांगते. पणजी मांडवीच्या काठावर आहे. मधोमध आल्तिनो नावाची टेकडी. टेकडीच्या एका अंगाला चर्च, बाजार, कचेऱ्या. दुसऱ्या अंगाला, उतारावरून खाली ओरें खाडीपर्यंत, आमची मळा नावाची वस्ती. शेजारी लागूनच फोंताइन्हास, ती रंगीत घरांची जुनी वस्ती, जिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. राज्याची राजधानी म्हणतात खरं, पण २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत माणसं चाळीस हजारांच्या आसपास होती. आपली सांगली-मिरज-कुपवाड पाच लाखांच्या वर. त्यामुळं शहर असूनही इथं माणूस माणसाच्या नजरेतून सुटत नाही. मी नवी पिशवी घेतली तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कळतं.

सकाळ होते ती पोदेराच्या भोंग्यानं. पोदेर म्हणजे पाववाला. सायकलच्या कॅरियरवर बांबूची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि हँडलला रबराचा भोंगा. उजाडताना एकदा आणि दिवस कलताना एकदा, असा दोनदा येतो. उंडो म्हणजे गोल, कडक सालीचा पाव. पोळी म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ. आणि काकणं म्हणजे बांगडीसारखी कडक, चहात बुडवून खायची. चिमीला काकणं लागतात. समोरच्या आंटी आदल्या रात्रीच खिडकीच्या गजाला कापडी पिशवी अडकवून ठेवतात. पोदेर न बोलता त्यात पाव टाकतो आणि पुढं जातो, हिशेब महिन्याला. एकदा मी पहाटे जागी होते म्हणून पाहिलं, तर पिशवीत हात घालण्याआधी त्यानं ती उलटी करून झटकली. रात्री पाऊस झाला होता, तळाशी पाणी साचलं असेल म्हणून. मग पाव टाकून पिशवीचं तोंड गजाखाली नीट दुमडून ठेवलं. बघणारं कुणी नव्हतं. त्या गृहस्थाबद्दल मला फार आदर वाटतो.

मग टेकडीवरच्या मारुतीची घंटा. हे देऊळ आल्तिनोच्या उतारावर आहे, पायऱ्या चढून जावं लागतं. वरून सगळी कौलं, खाडी आणि पलीकडचा पाटो दिसतो. शनिवारी आम्ही तिघं जातो. चर्चची घंटा टेकडीच्या पलीकडून ऐकू येते. आप्पा, ती घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली. तो मठ पडला, आता त्याचा एक उंच बुरूज तेवढा उभा आहे, पण घंटा इथं आणून टांगली. गोव्यातली आकारानं दुसरी मोठी घंटा म्हणतात. पहिली तिकडंच, से कॅथेड्रलमध्ये. दुपारची घंटा झाली की माझ्या शेजारच्या माई हातातलं काम आवरतं घेतात. त्या रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या, पण घड्याळ त्यांचं चर्चचं.

दुपार तर आईनं येऊन बघायलाच हवी. एक वाजला की दुकानांची फळकुटं लागतात. चार वाजेपर्यंत आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं हाक मारत नाही, दाराची कडी वाजवत नाही, मिक्सर लावत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, एवढा वेळ गल्ली ओस पडते. आता कळतं की सगळे घरातच असतात आणि सगळ्यांना ठाऊक असतं की शेजारचा म्हातारा आता पडलाय, वरच्या बाळंतिणीचा आत्ता कुठं डोळा लागलाय. मुलांनासुद्धा ते कळतं. चिमी चेंडू घेऊन बाहेर निघाली की तिची तीच थांबते आणि विचारते, "चार वाजले?" मला तिला हे शिकवावं लागलं नाही. गल्लीनं शिकवलं.

कामावर मी चालत जाते. खाडीवरच्या पुलावरून पलीकडं गेलं की पाटो. तिथंच राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कृष्णदास शामांच्या नावाचं. संस्थेचं मूळ १८३२ सालचं, इमारत अलीकडची, प्रशस्त. मराठी पुस्तकांचं दालन मोठं आहे. आप्पा, तुमचे तिथं दिवसच्या दिवस जातील, मी तुम्हाला सकाळी सोडीन आणि संध्याकाळी घरी येताना घेऊन येईन. सकाळी दारात मराठी पेपर येतो, नाट्यस्पर्धा मराठीत होतात, देवळात भजन मराठीत, आरत्या आपल्याच. बोलायला कोंकणी, वाचायला मराठी, हे इथल्या कित्येक घरांत इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आप्पांना एक गंमत सांगते, ती तुमच्याच विषयातली आहे. आमच्या खालच्या रस्त्याचं नाव ३१ जानेवारी रस्ता. मला वाटलं गोव्याच्या लढ्यातली तारीख असेल. निघाली पोर्तुगालमधली: ३१ जानेवारी १८९१ला पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला, त्याची. टेकडीच्या पलीकडचा बाजाराचा रस्ता १८ जूनचा. ती तारीख मात्र आपली, १९४६ला मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली तो दिवस. दोन्ही पाट्या एकाच शहरात आहेत आणि कुणी कुणाची खोडलेली नाही.

यावरून कोपऱ्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचं सांगायला हवं. एक माईंचे थोरले दीर, दुसरे आंटींचे मामेभाऊ. दोघंही ऐंशीच्या घरातले. संध्याकाळी पाचला एकाच बाकावर बसतात. जानेवारी १९६७च्या जनमत कौलात पहिल्यांनी फुलावर शिक्का मारला होता, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून. दुसऱ्यांनी दोन पानांवर, वेगळा राहावा म्हणून. फूल चौतीस हजारांच्या फरकानं हरलं. त्या दिवसांत हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, असं दोघंही सांगतात. पुढं खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा एकानं दुसऱ्याची आजारी आई पाठीवर घेऊन पायऱ्यांवर नेली आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. आजही वाद होतो. मी सांगलीची, म्हणून मला पंच करतात. मी म्हणते, मी उशिरा आले, मला दोन्ही बाजूंनी सांगा. आणि ते खरोखर सांगतात, अगदी कुणी कुठल्या घरी काय भाषण केलं इथपर्यंत. आप्पा, हे तुम्ही ऐकायला हवं. ही माणसं गेल्यावर हे असं सांगणारं कुणी राहणार नाही.

पाण्याचं निघालंच आहे तर तेही लपवत नाही. मळा सखल आहे. भरतीच्या वेळेला मोठा पाऊस आला की खाडी पाणी घेत नाही आणि ते रस्त्यावर चढतं. आपल्याकडं पूर म्हणजे आयर्विन पुलावरचे फूट मोजायचे, २०१९ला सत्तावन फूट झाले तेव्हा तुम्ही माळ्यावर किती रात्री काढल्या ते मी विसरले नाही. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती साठलं, याच बातम्यांवर आपलं काळीज वरखाली व्हायचं. इथं धरण नाही, समुद्र आहे. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळा लावलेल्या असतात. ओहोटी लागली की पाणी उतरतं, बहुतेक वेळा काही तासांतच. आमचं घर चार पायऱ्या वर आहे, घरात अजून पाणी आलेलं नाही. पण ओल फार. जुलैत कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, पापड मऊ पडतात, पुस्तकांना वास लागतो. आईनं दिलेल्या रेशमी साड्या मी महिन्यातून एकदा कोळशाच्या शेगडीच्या उबेला धरते, हे माईंनी शिकवलं.

गेल्या पावसाळ्यात असंच एकदा पाणी चढलं आणि मी पाटोला अडकले. हे मडगावला. चिमीची सुटायची वेळ झाली होती. फोन लागेना. तासाभरानं गुडघाभर पाण्यातून घरी पोचले तर आमच्या दाराला बाहेरून आंटींचं कुलूप, म्हणजे आपलं उघडं राहिलेलं दार त्यांनी बंद केलेलं, आणि चिमी त्यांच्या स्वयंपाकघरात. आंटींनी तिला शाळेतून पाठुंगळी आणली होती, त्या वयात. तिचे बूट चुलीशेजारी कागद कोंबून सुकत ठेवलेले आणि ती आंब्याच्या पेटीवर बसून त्यांच्या मुलाचे लहानपणचे फोटो बघत होती. मी रडायच्या बेतात होते. आंटींनी मला आधी पेजेची वाटी हातात दिली, वर लोणच्याची फोड. म्हणाल्या, आधी गरम पोटात जाऊ दे. आई, त्या दिवशी संध्याकाळी मी यांना म्हटलं, मला इथून हलायचं नाही. ठरलं ते तेव्हाच.

आता कुणी म्हणेल, सण-समारंभाला काय करता? तर चवथीला सगळी पणजी आपापल्या गावी जाते आणि शहर रिकामं होतं. सांगलीत गणपतीला कानात बोळे घालून झोपावं लागतं, इथं घरचा गणपती, टाळ, घुमट आणि वर बांधलेली माटोळी. माटोळी म्हणजे देवाच्या डोक्यावर लाकडी चौकटीला टांगलेली रानफळं: कांगलां, माट्टुली, घागऱ्या, सुपारीचे घोस, नारळांची पेंड. माई ती सगळी नावं घेऊन चिमीला दाखवतात. दिवाळीला पहाटे पोह्यांचे चार प्रकार घरोघर जातात. नारळाच्या रसातले गूळ घालून केलेले मला सगळ्यांत आवडतात. मात्र नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं मोठाले नरकासुर करतात आणि पहाटेपर्यंत गाणी वाजतात, त्या एका रात्री आमच्या गल्लीतही झोप नाही. मे महिन्यात कोपऱ्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, लदाईन होते, मेणबत्त्या लावतात, प्रार्थना म्हणतात आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. आम्हीही जातो. परवा डिसेंबरच्या आठ तारखेला चर्चचं फेस्त झालं, थंडी सरता सरता मारुतीची जत्रा. दोन्हीकडं खाजं विकणारं कुटुंब एकच. आजीला मऊ खाजं पाठवते, आल्याचं.

एवढं चांगलं आहे, मग काही सलत नाही का? सलतं. फोंताइन्हासच्या रंगीत घरांचे फोटो काढायला रोज माणसं येतात. येऊ देत, घरं सुंदर आहेतच. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, लाल कौलं, छपरावर कोंबडा, दारापुढं बसायचा सोपा. पण कुणी परक्याच्या पायरीवर बसून वेषभूषा बदलतं, कुणी कठड्यावर चढतं, कुणी खिडकीतून आत कॅमेरा धरतं. आत कुणी आजारी असतं, कुणी जेवत असतं. लोकांनी "इथं माणसं राहतात, फोटो काढू नयेत" अशा पाट्या लावल्या आहेत. त्या पाट्यांसकट फोटो निघतात. मला याचा खरा राग येतो. आई, तू आमच्या दाराशी रांगोळी काढत असताना कुणी न विचारता तुझ्या तोंडापुढं मोबाईल धरला तर मला चालणार नाही, आणि माझ्या शेजारणीच्या तोंडापुढं धरलेलाही चालत नाही. मी आता बाहेर जाऊन सरळ सांगते, मराठीत, हिंदीत, जशी माणसं असतील तशी. बहुतेक जण ऐकतात. मराठी बोलणारे तर लगेच ओशाळतात, कारण त्यांच्या घरीही अशीच आई असते.

दुसरं दुःख याहून मोठं आहे. बंद घरं. आमच्या गल्लीत दिवा न लागणारी घरं बरीच आहेत. १९ डिसेंबर १९६१च्या आधी इथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टवर कितीतरी कुटुंबं युरोपात गेली. आंटींची दोन्ही मुलं इंग्लंडात स्विंडनला आहेत, तिथं गोंयकारांची मोठी वस्ती आहे. आजी, तू ज्याला परदेश म्हणतेस तिथली माणसं अशी परदेशी गेली. घराचा वारसाहक्क पूर्वी जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यानं चालायचा, २०१६पासून गोव्याच्या स्वतःच्या वारसा कायद्यानं चालतो, पण तत्त्व तेच. मुलगा असो मुलगी असो, सगळ्यांचा वाटा. हे न्यायाचंच आहे, मला आवडतं. पण पिढ्या वाढल्या की एका घराला वीस वारस होतात, एक लिस्बनला, एक मुंबईत, एक आखातात, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कौल बदलायचं म्हटलं तरी अडतं. तोवर पाऊस भिंती खातो. आणि जी घरं मोकळी होतात, ती पाहुण्यांना रोजच्या भाड्यानं जातात. भाडं जास्त मिळतं, कुणाला दोष द्यायचा? पण बाजूच्या घरात दर तीन दिवसांनी नवं माणूस आलं तर पोदेराची पिशवी कुणाची, दुपारी कोण झोपलंय, हे कुणाला कळणार? चिमीला पाण्यातून कोण आणणार?

म्हणून आमच्या घरमालकीणबाईंचं मला मोठं वाटतं. हे घर चार भावंडांचं. थोरल्या बाई म्हापशाला असतात. त्यांना याच घरासाठी पाहुण्यांची जागा करणाऱ्यांनी आमच्या भाड्याच्या कितीतरी जास्त देऊ केलं होतं. त्यांनी भावंडांना फोन केले आणि सगळ्यांच्या संमतीनं आम्हाला लांब मुदतीचा करार दिला. एकच अट घातली: पुढच्या खोलीतला त्यांच्या आईचा कोनाडा तसाच ठेवायचा आणि दिवेलागणीला तिथं दिवा लावायचा. आम्ही लावतो. त्यांची सांत आंतोनीची, म्हणजे त्यांच्या संताची, तसबीर आणि शेजारी आपला गणपती. चिमी दोघांनाही नमस्कार करते. करारावर सह्या गेल्या आठवड्यात झाल्या. छपराची दुरुस्ती आम्ही करायची, ती पावसाच्या आत व्हायला हवी. कौलं काढून, वासे बघून, पुन्हा शाकारणी करायची. गावात हे काम करणारे मेस्त आता थोडेच उरलेत, एकजण तयार झालाय.

आई, तुला एकटं वाटेल, हे मला कळतं. दादा पुण्यात, मी इथं. पण मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट आहे, मडगावला उतरायचं, हे गाडी घेऊन येतील. आजी, हीच ती तुझी लोंढ्याची गाडी. आता कॅसलरॉकला पेटी उघडायची नाही. फेब्रुवारीत मारुतीची जत्रा असते, उकाडाही नसतो, तेव्हाच या. मात्र चार दिवस फिरायला म्हणून येऊ नका, महिनाभर राहायला या. आप्पांनी सकाळी ग्रंथालय, संध्याकाळी बाक. आईनं आणि माईंनी मिळून उन्हाळी पापड घालायचे, त्यांना आपले सांगलीचे बघायचेत, आणि गच्चीवर जागा आहे. आजीला पायऱ्या नकोत, तिची खोली पुढचीच, खिडकीतून रस्ता दिसतो. पुढची कौलं आधी बदलून घेतो, मागची तुम्ही आल्यावर.

येताना भडंग आणा, दोन किलो तरी. आंटींना एकदा चव दिली होती, तेव्हापासून विचारतात. घरची हळद आणि बेदाणेही. तांदूळ आणू नका, इथं उकडा मिळतो आणि आप्पांना तो पेजेसाठी आवडेल. आजीची औषधं मात्र महिनाभराची बरोबर घ्या, डॉक्टरांची चिठ्ठीही. तिकिटं आत्ताच काढा, खालचा बाक आजीला मिळाला पाहिजे. तारीख कळली की मेस्ताला सांगते.

सर्वांना नमस्कार, दादाच्या मुलांना गोड पापा.

तुमची,
छोटी